फाटक, घर आणि वर्ग

आंतरजातीय प्रेमाच्या चित्रपटांची चर्चा करताना आमचे लक्ष बराच काळ शेवटावरच खिळलेले असे. लग्न होते की मरण येते, एवढाच प्रश्न. पुढे जाणवले की या चित्रपटांचा इतिहास त्यांच्या सुरुवातीतही वाचता येतो. दोन जातींची ही माणसे मुळात भेटतात तरी कुठे?

१९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. आंबेडकरांनी आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरचा खरा उपाय म्हणून मांडला. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. त्यात रेल्वेच्या फाटकवाल्याची कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा प्रताप हे बालपणीचे सवंगडी आहेत, आणि कस्तुरीचा अंतही त्या फाटकाशीच होतो. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) अस्पृश्य कुळातली नायिका ब्राह्मण अभियंत्याच्या घरी आश्रितासारखी वाढते आणि अधीर तिला तिथेच पाहतो. दोन्हीकडे भेट घडते ती योगायोगाने किंवा कुणाच्या तरी औदार्याने.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) मात्र पाटलांची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या भेटतात ते महाविद्यालयाच्या वर्गात. तिथे बसण्यासाठी परश्याला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. हा बाक मात्र आपोआप आलेला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ची, औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५०चे; अशा कित्येक प्रयत्नांनंतर ग्रामीण महाराष्ट्रात दोन जातींची मुले-मुली एका खोलीत आली. चित्रपटाच्या पूर्वार्धातले ते धुंद संगीत ऐकताना हा इतिहास सहसा कुणाच्या मनात येत नाही. आमच्याही आला नव्हता.

तो आठवला एका चपराकीने. भर तासाला फोनवर बोलणाऱ्या विद्यार्थ्याला लोखंडे सर हटकतात आणि तो त्यांच्याच कानशिलात लगावतो. तो आर्चीचा भाऊ, प्रिन्स. साहित्य शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना अखेरच्या हत्येइतकाच हा प्रसंग अस्वस्थ करतो. वर्गात सगळे समान, ही समजूत तिथे एका क्षणात मोडते. परश्या आणि आर्चीला ज्या खोलीने एकत्र आणले, तिला आपल्या मास्तराचीही अब्रू राखता येत नाही. मग या दोघांना ती काय वाचवणार? समीक्षकांनी ‘सैराट’च्या उत्तरार्धातील वास्तववादाचे कौतुक पुष्कळ केले. आमच्या मते खरा इशारा पूर्वार्धातच, गाण्यांच्या मधोमध दिलेला आहे.

गाव सुटल्यावर हैदराबादेत अभ्यासात हुशार असलेला परश्या डोशांच्या गाडीवर राबतो, आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात. संसार उभा राहतो, मूल होते. महाविद्यालयात मात्र दोघांपैकी कुणीही परतत नाही.