सोळा आण्यांपासून रंगसंकेतांकापर्यंत : संख्यापद्धतींच्या अध्यापनाविषयी एक टिपण

दहाखेरीज अन्य पायाची संख्यापद्धती मुलांना शिकविण्याचा प्रश्न संगणकासोबत उद्भवला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. रुपयाचे १६ आणे होते, तोवर पावकी-निमकी मुखोद्गत करणारी मुले सोळाच्या गटाने हिशेब करीतच होती. जुन्या वह्यांतील मांडणी तर विशेष लक्षणीय आहे. पावलीसाठी उभी रेघ, आण्यासाठी आडवी. पंधरा आणे म्हणजे तीन उभ्या व तीन आडव्या रेघा. अर्थात येथे किंमत रेघेच्या दिशेवरून ठरे, स्थानावरून नव्हे. सोळाचा व्यवहार होता. सोळाची स्थानिक किंमत नव्हती.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हा व्यवहारही संपला. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑक्टोबरात सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला व अमेरिकेत गणितशिक्षणाच्या फेरविचाराला वेग आला. ‘नवगणित’ चळवळीने पाच, आठ अशा पायांवरील बेरजा शालेय वर्गांत नेल्या. पालक गोंधळले. मॉरिस क्लाइन यांनी १९७३ मध्ये या अभ्यासक्रमावर ग्रंथरूपाने कठोर टीका केली. आमच्या मते दोष पायांचा नव्हता; उत्तर चुकले तरी वर्गाबाहेर काहीच बिघडत नव्हते, हा होता.

रंगसंकेतांकाने नेमकी ही उणीव भरून काढली. दहा ते पंधरा या किमतींसाठी ए ते एफ ही अक्षरे वापरण्याची रीत आयबीएमच्या १९६४ मधील सिस्टिम/३६० मुळे रूढ झाली. १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये सोळा रंगनामे व त्यांचे सहा स्थानांचे संकेत नोंदले गेले. लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी दोन स्थाने. लाल रंगास ‘०एफ’ दिल्यास, म्हणजे १५, पडदा जवळजवळ काळा राहतो. ‘एफ०’, म्हणजे २४०, दिल्यास तो लालभडक होतो. चिन्हे तीच, स्थान वेगळे. स्थानिक किंमत डोळ्यांना दिसते, ती अशी.

मात्र सावधगिरी हवी. सहा स्थानांचा संकेत मुले एकच मोठी संख्या समजून वाचतात. वस्तुतः त्या शेजारी मांडलेल्या तीन स्वतंत्र संख्या आहेत. शिवाय लाल व हिरवा मिळून पडद्यावर पिवळा होतो, रंगपेटीत तपकिरी. ही अडचण गणिताची नाही, प्रकाशाची आहे. परंतु तिचे उत्तर गणिताच्या शिक्षकालाच द्यावे लागते.