कोमेनिअसचे चित्रपुस्तक आणि घरची शाळा

आमच्या घरी शाळा भरते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर. विद्यार्थी दोन, सात वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. शिक्षक आम्ही दोघे, आळीपाळीने. मुसळधार पावसाच्या एका सकाळी गणित बाजूला ठेवून आम्ही जुनी चित्रपुस्तके काढली. त्यांत सर्वांत जुने 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस'. अर्थात मूळ प्रत नव्हे. १८८७ साली सिरॅक्यूज येथे निघालेल्या इंग्रजी आवृत्तीची छापून घेतलेली पाने.

योहान आमोस कोमेनिअसचे (१५९२-१६७०) हे पुस्तक १६५८ साली न्यूरेम्बर्ग येथे लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच वर्षी चार्ल्स हूलने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. बालवाङ्मयाच्या इतिहासात त्याला एखादे आदराचे वाक्य मिळते, आणि ते वाचून झाल्यावर पुस्तक उघडण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. आम्हालाही इतके दिवस वाटली नव्हती.

दीडशे प्रकरणे, बहुतेक प्रत्येकाच्या माथ्यावर एक काष्ठचित्र. चित्रातील वस्तूंना अंक दिलेले, आणि तेच अंक खालच्या मजकुरात त्या त्या शब्दाशेजारी. डोळा वस्तूवरून शब्दावर आणि शब्दावरून पुन्हा वस्तूवर जावा, ही योजना. आरंभी मुळाक्षरे आहेत, पण ती ध्वनींची: कावळा ओरडतो, कोकरू बेंबावते, वारा वाहतो, उंदीर चिंचिंवतो, आणि त्या आवाजातून अक्षर निघते. आपल्या अंकलिपीत 'ण'साठी बाण आणावा लागतो, कारण तिथे अक्षर शब्दाच्या आश्रयाने राहते. इथे ते आवाजाच्या आश्रयाने राहते. आमच्या मुलीने हे पान संपूर्ण 'वाचले'. लॅटिन तिला येत नाही, त्याने काही बिघडले नाही.

मुलगा मात्र शाळेच्या चित्रापाशी थांबला. गुरुजी आसनावर, मुले बाकांवर, काही टेबलाशी लिहिताहेत, काही आपसांत बोलताहेत. बोलणाऱ्यांचे काय होते ते मजकुरात सांगितले आहे: त्यांना छडी मिळते. त्या छडीलाही अंक आहे. ज्याने शिक्षण आनंदाचे व्हावे म्हणून आयुष्य वेचले त्याच्या पुस्तकात छडी ही जगातील अनेक वस्तूंपैकी एक वस्तू म्हणून येते, मोजलेली आणि नाव दिलेली. आम्ही घाईने पान उलटणार होतो. मुलाने उलटू दिले नाही.

इथे आम्हांला आमच्याविषयीच थोडे अवघडल्यासारखे झाले. प्रस्तावनेत कोमेनिअस सांगतो की, मुले शाळेत जाण्यापूर्वी घरीच हे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे, चित्रे त्यांना हवी तशी पाहू द्यावीत, हाताने काढूही द्यावीत. हे वाचून घरी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना तो आपला पूर्वज वाटू लागतो. परंतु हा दावा टिकत नाही. १६३३ साली जर्मनमध्ये छापलेल्या 'मातृशाळे'त त्याने आईच्या मांडीला फक्त पहिली सहा वर्षे दिली. त्यानंतर मुलांनी एकत्र शिकावे, कारण बहुतेक आईबापांना त्यासाठी वेळही नसतो आणि ते सामर्थ्यही नसते, असा युक्तिवाद त्याने 'महान शिक्षणशास्त्रा'त केला आहे. १६५७ साली ॲम्स्टरडॅम येथे त्याचे समग्र शैक्षणिक लेखन निघाले, त्यात हा ग्रंथही होता. त्या हिशेबाने आमचा मुलगा वर्षभरापूर्वीच आमच्या हातून जायला हवा होता.

हे लिहिणारा माणूस घराला पारखा झालेला होता हेही ध्यानात ठेवले पाहिजे. धर्मयुद्धाने त्याला मोरेव्हियातून हाकलले; पहिली पत्नी आणि दोन मुले साथीत गेली; १६५६ साली पोलंडमधील लेश्नो हे गाव जळाले आणि त्यात त्याची हस्तलिखिते जळाली, चाळीसहून अधिक वर्षे जमवलेला चेक शब्दकोशही त्यांतच. दोनच वर्षांनी हे पुस्तक आले. त्यात सबंध जग शांतपणे क्रमाने मांडलेले आहे, ईश्वरापासून अंतिम न्यायदिनापर्यंत. मधे आत्म्याचेही चित्र आहे: ताणलेल्या कापडावर ठिपक्यांनी रेखलेली मनुष्याकृती. मुलाने विचारले, हा माणूस अर्धवट का काढला आहे?

आम्ही उत्तर जुळवीत होतो तोवर मुलीने पाठकोऱ्या कागदावर हंस काढायला घेतला होता. गणित त्या दिवशी राहून गेले.