बेटावरचे तण आणि आपला धुरा



वाशीम घ्या, कारंजा घ्या, मंगरूळपीर घ्या. पावसाळा लागला की धुऱ्यावर, सडकेच्या कडेला, ई-क्लासच्या पडितात गाजरगवत पांढऱ्या फुलांनी डवरते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात ध्यानात आले आणि पुढे देशभर पसरले. असे परमुलखातले तण आवरता येते काय? या प्रश्नाचे एक उत्तर हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर सापडते.

मॉरिशस आपल्याला अगदीच परके नाही. १८३४ पासून तिथल्या ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेली कोकणची मराठी माणसेही त्यांत होती. त्यांचे वंशज आजही तेथे नांदतात.

१८९० च्या सुमारास ब्रिटिश गियानातून आणलेल्या उसाबरोबर एक झुडूप या बेटावर उतरले. तिकडे त्याला ‘एर्ब कोंदे’ म्हणतात. आपल्या भोकराचेच ते भावंड. पाखरांनी फळे खाल्ली, बी जागोजाग पडले, आणि बघता बघता पडीत जमिनी त्याने व्यापल्या. तोडावे तर पुन्हा फुटे. मग जाणत्यांनी विचार केला, याच्या मायदेशी हे इतके का माजत नाही? कारण उघड होते. तिकडे त्याला खाणारे कीटक आहेत! १९४८ ते १९५० च्या सुमारास त्रिनिदादहून दोन कीटक आणले गेले. एक भुंगेरा पाने खाई, तर दुसरी बारीकशी माशी हिरव्या फळातले बीच खाई. थोड्याच वर्षांत झुडूप आटोक्यात आले.

पण सगळीच तणे अशी हटत नाहीत. मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ ‘इल ओ झेग्रेत’ नावाचे जेमतेम ६५ एकरांचे बेट आहे. तेथे परके रोप हाताने उपटून त्या जागी देशी झाड लावण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. २००० साली तिथे अल्दाब्रा बेटावरची मोठी कासवेही सोडली. ती देशी आबनुसाची फळे खातात आणि हिंडता हिंडता त्याचे बी पेरतात. नुसती जागा मोकळी केली, तर तण परत यायचेच. ती जागा कुणीतरी धरली पाहिजे.

आपल्याकडेही १९८४ साली मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा बंगळुरास सोडला गेला. तो गाजरगवताची पाने खातो. पण त्याचा जोर पावसाळ्यापुरता, आणि एकेका झाडाचे बी तर हजारोंनी. शिवाय बेटाला समुद्राची वेस असते, आपल्या धुऱ्याला ती नाही. तुम्ही निंदण केले आणि शेजाऱ्याने सोडले, तर वारा, पाणी आणि गाडीचे चाक बी आणून टाकणारच.

म्हणून साऱ्या गावाने एकदम, फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातांना फडके बांधून ते मुळासकट उपटावे. फुलापूर्वीचे गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालते. मोकळ्या जागी तरोट्याचे बी फेकावे. तो दाट माजून गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. गुरुजनहो, मुलांना उपटायला लावू नका, ओळखायला मात्र जरूर शिकवा. समुद्राची वेस आपल्या नशिबी नाही. गावाच्या एकजुटीची वेस मात्र आपण घालू शकतो.