तबकडीवरचा श्वान : 'रोडसाइड रोमिओ' आणि भायखळा परिसरातील घरगुती चित्रपटदर्शन

प्रस्तावना :

हिंदी चित्रपटाचा इतिहास बहुधा तिकीटखिडकीशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. २४ ऑक्टोबर २००८ रोजी, दिवाळीच्या तोंडावर प्रदर्शित झालेल्या 'रोडसाइड रोमिओ' या चित्रपटाच्या वाट्याला असाच इतिहास आला. यश राज फिल्म्स आणि वॉल्ट डिस्ने या दोन संस्थांची ही संयुक्त निर्मिती होती. दिग्दर्शन जुगल हंसराज यांचे होते. टाटा एलेक्सीच्या व्हिज्युअल कंप्युटिंग लॅब्जने त्यातील प्राणी संगणकावर घडविले. पाचच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, 'गोलमाल रिटर्न्स' आणि 'फॅशन' हे दोन मोठे चित्रपट आले आणि 'रोमिओ' चित्रपटगृहांतून लवकरच बाजूला पडला. पुढे उत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तरी 'अयशस्वी' हा शिक्का पुसला गेला नाही. हा शिक्का चित्रपटगृहातील मिळकतीपुरता खरा आहे. कौटुंबिक चित्रपट मात्र चित्रपटगृहात जेवढा पाहिला जातो त्याहून कितीतरी अधिक वेळा घरात पाहिला जातो, आणि तो कसा पाहिला गेला याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणत्याही संस्थेवर नव्हती. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या इतिहासाचा मागोवा भायखळ्याच्या परिसराच्या संदर्भात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

भायखळा : प्राणी, चाळ आणि पडदा

प्राणी पाहण्याच्या हौसेशी भायखळ्याचे नाते जुने आहे. १८६२ साली खुली झालेली राणीची बाग (आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) मुंबईतील मुलांच्या कित्येक पिढ्यांना वाघ, हत्ती आणि माकड प्रथम दाखविणारी जागा ठरली. बागेबाहेर होता तो रस्त्यावरचा कुत्रा, आणि त्याचा इतिहासही लहान नाही. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध जून १८३२ मध्ये कोट भागात दंगल उसळली होती व तीत पारशी समाज अग्रभागी होता. कुत्री न मारता त्यांचे निर्बीजीकरण करण्याचे धोरण देशभर नियमबद्ध झाले ते २००१ साली. 'रोडसाइड रोमिओ'चा नायक याच दोन टोकांच्या मधला आहे. श्रीमंत घरात वाढलेला हा कुत्रा मालक लंडनला निघून गेल्यावर मुंबईच्या रस्त्यावर येतो. मुंबईत नव्याने रस्त्यावर आलेल्या कोणाचीही कथा याहून फार वेगळी नसते.

परिसराचे दुसरे अंग चाळीचे आहे. गिरणगावाच्या या दक्षिण टोकाला एका खोलीत संपूर्ण कुटुंब राहत असे आणि चित्रपट पाहणे ही सहसा एकट्याची गोष्ट नव्हती. गणेशोत्सवात गल्लीत पडदा बांधून चित्रपट दाखविण्याची प्रथा जुनी होती. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्यामागोमाग व्हीसीआर. ज्यांना तो विकत घेणे परवडत नव्हते ते वर्गणी काढून एका रात्रीसाठी यंत्र आणि तीन-चार कॅसेटी भाड्याने आणीत. त्याच वर्षी गिरणी कामगारांचा संपही सुरू झाला होता, हा योगायोग इतिहासकाराने नजरेआड करू नये. रोजगार आटत असताना घरातील पडदा वाढत होता.

चित्रण आणि तबकडी

१९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅसेटची जागा व्हीसीडीने घेतली. व्हीसीडीची तांत्रिक मर्यादा या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यावरील चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते, म्हणजे डीव्हीडीच्या ७२० × ५७६ बिंदूंच्या तुलनेत एक चतुर्थांशाहूनही कमी. संगणकावर प्राणी घडविताना सर्वाधिक कष्ट त्याच्या केसांवर होतात. सोनीच्या 'स्टुअर्ट लिटल' (१९९९) मधील उंदरापासून हेच आव्हान प्रत्येक कलावंतगटासमोर होते. केसाची प्रत्येक लव वेगळी हलावी, तिच्यावर प्रकाश पडावा, ती ओली झाल्यासारखी दिसावी, यासाठी संगणकांच्या रांगा रात्रंदिवस चालत. व्हीसीडीच्या दाबलेल्या चित्रात ही लव चौकोनी ठिपक्यांत विरून जाते. ज्या कौशल्यासाठी हा चित्रपट घडविला गेला तेच कौशल्य स्वस्त तबकडीवर पोहोचताना गळून पडते.

आवाज मात्र टिकतो. सैफ अली खान आणि करीना कपूर यांच्या आवाजातील रोमिओ-लैला, जावेद जाफरी यांच्या आवाजातील चार्ली अण्णा आणि सलीम-सुलेमान यांची गाणी यांना चौकोनी ठिपक्यांचा फारसा अडसर नव्हता. म्हणूनच हा चित्रपट घरात पाहण्यापेक्षा ऐकण्याचा अधिक होता, असे म्हणण्यास जागा आहे. लहान मूल तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावते, मोठी माणसे स्वयंपाक करता करता संवाद ऐकतात. सुमारे दीड तासाचा हा चित्रपट व्हीसीडीच्या एका तबकडीत मावत नसे. तबकडी बदलण्यासाठी उठावे लागे, आणि घराला आपले मध्यंतर आपोआप मिळे.

कायदा, किंमत आणि पदपथ

अधिकृत तबकडी आणि पदपथावरील नक्कल यांतील स्पर्धेला किंमत हेच कारण होते. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास सुरुवात केली तेव्हा नकलेचा मुख्य आधारच डळमळला. एका कुटुंबाच्या मल्टिप्लेक्स तिकिटांपेक्षा ही रक्कम कितीतरी कमी होती. शासनानेही आपल्या परीने पावले उचलली. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातील शिक्षा कडक केल्या होत्या व व्हिडिओ कॅसेटवर मालकीचा तपशील छापणे बंधनकारक केले होते. महाराष्ट्राने २००९ साली झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात 'व्हिडिओ पायरट्स'ची भर घातली. चित्रपटाची नक्कल विकणारा आणि हातभट्टीवाला एकाच कायद्याखाली आले. या उपायाची कठोरता मूळ अपराधाशी सुसंगत होती का, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकांनी अजून विचारावा असा आहे.

साधनांचा प्रश्न

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांच्या प्रती जपत आले आहे. पुस्तकांच्या व वृत्तपत्रांच्या प्रती ग्रंथालयांकडे पाठविण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने व १९५६ च्या दुरुस्तीने घातले. तबकडी या बंधनाबाहेर राहिली. परिणामी २८ रुपयांच्या तबकडीवरील वेष्टन, भाड्याच्या दुकानातील वही, कोणती तबकडी किती वेळा गेली याच्या खुणा, हे सर्व कागद रद्दीत गेले. २०१८ मध्ये मोझर बेअरच्या परिसमापनाचा आदेश निघाला. यंत्रे दुरुस्त करणारेही आता थोडे उरले आहेत. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या परिसरातील कुटुंबांकडे उरलेल्या तबकड्या वेष्टनांसह आणि आठवणींसह आजही जमा केल्या, तर २००८ च्या दिवाळीनंतर रोमिओ कोणत्या घरांत पोहोचला याचा काहीसा अंदाज बांधता येईल. एरवी त्याच्या नावावर पाच दिवसांचे तिकीटखिडकीचे आकडे आणि एक राष्ट्रीय पुरस्कार एवढेच उरते.