स्टेशन वरठीचें, भाव मुंबईचा

भंडारा शहरास आगगाडीनें जावयाचें म्हणजे उतरावें लागतें वरठीस. स्टेशनाच्या पाटीवर नांव मात्र ‘भंडारा रोड’. ज्या गांवाच्या भूमीवर स्टेशन, त्याचेंच नांव पाटीवर नसावें, ही गोष्ट क्षुल्लक खरी. पण आजच्या विषयास ती उपयोगी पडेल. एखादें शहर जगाच्या व्यवहारांत मोठें ठरतें तें कशानें, हा तो विषय.

रेल्वे, खाणी, कारखाने, अशीं उत्तरें सहज सुचतात. वरठीचा परिसर तीं खोडून काढतो. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरमापी गाडी इकडे १८८० च्या सुमारास धांवूं लागली. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें तो मार्ग रुंद केला, आणि पुढें मुंबई व कलकत्ता हीं दोन बंदरें याच रुळांनीं जोडलीं गेलीं. तुमसर तालुक्यांतील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज परदेशच्या पोलादाच्या भट्ट्यांस जाऊं लागलें. जगास या जिल्ह्याची गरज होती. तरी तुमसर कांहीं लंडन झालें नाहीं!

आतां मुंबईकडे पाहा. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि गुजराथ-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलानें मुंबईहून जाऊं लागला. नागपुरास आगगाडी यावयाची होती १८६७ सालीं. तोंवर वऱ्हाडचा पुष्कळसा माल बैलगाड्यांनींच निघे. प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर पेढ्या पैसा ओतीत. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले जात. आपण जगाची पेठ झालों असें मुंबईस वाटलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, लिव्हरपूलला कापूस उतरला, आणि १ जुलैस वायद्यांची देणीं चुकविण्याचा दिवस उजाडतांच नामांकित घराणीं बसलीं. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ सालीं बंद झाली. कापूस आपला, घाम आपला. भाव मात्र लिव्हरपूलचा. दुसऱ्याच्या मालाचा भाव जेथें ठरतो, त्याच्या बोटीचा विमा जेथें उतरतो, त्याच्या हुंडीस जेथें पैसा मिळतो, तें जगाचें शहर. त्या दिवसांतली मुंबई, माझ्या मतें, लिव्हरपूलची एक श्रीमंत वखार होती.

तिला खरें वजन आलें तें या फजितीनंतर जमलेल्या संस्थांमुळें. शेअरदलालांची मंडळी १८७५ सालीं रीतसर स्थापन झाली. रिझर्व्ह बँकेची मुख्य कचेरी १९३७ सालीं कलकत्त्याहून मुंबईस आली. हुगळीकांठच्या तागाच्या गिरण्या जागच्या जागीं राहिल्या; पैशाविषयींचे निर्णय इकडे सरकले.

आज वरठीलगत पोलादाचा मोठा कारखाना आहे. मोटारींच्या भागांस लागणारें पोलाद तेथें तयार होतें. भट्टी येथें, कंपनीची कचेरी नागपुरास, तिच्या शेअरचा भाव मुंबईच्या बाजारांत. आणि डॉलर चढला-उतरला कीं खुद्द मुंबईसहि परदेशाकडे पाहावें लागतें. वरठीस वाघिणींत पोलाद चढतें, त्या वेळीं त्याचा दर आधींच ठरलेला असतो.