दोन बाइटांची काटकसर

या स्मरणिकेत बहुतेक जण शाळेच्या आठवणी लिहितील. संपादक मंडळाने मला मात्र वेगळा विषय दिला: ‘तू इतकी वर्षे कॉम्प्युटरवर नेमके काय केलेस, ते आम्हाला कळेल असे लिही.’ हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात असल्याने आयटी म्हटले की आज काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. नांदे आणि आसपासच्या गावांतली मुले तिथे कामाला जातात. मी ज्या कामात उमेदीची वर्षे घालवली, ते त्या इमारतींहून जुने आहे. मेनफ्रेम नावाच्या मोठ्या संगणकासाठी असेंब्लर भाषेत एकेक आज्ञा निवडून प्रोग्राम लिहायचे आणि इतरांनी पूर्वी लिहिलेले दुरुस्त करायचे, असे ते काम. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

असेंब्लर ही यंत्राच्या भाषेला सर्वांत जवळची भाषा. साधारणपणे एका ओळीची यंत्रासाठी एक आज्ञा होते. आज्ञा निवडताना इतकी काटकसर का करावी लागे, हे समजायला मुंबईचे उदाहरण पुरेसे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा, म्हणजे आजच्या हिशोबाने सुमारे दहा किलोबाइट. मोबाइलवरचा एक फोटो त्याच्या शेकडो पट मोठा असतो. एवढ्या जागेत आज्ञाही बसवायच्या आणि आकडेही.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ जाहीर केली. लहानमोठ्या सगळ्या यंत्रांना एकच आज्ञासंच, ही त्यातली नवी गोष्ट. पवईच्या आयआयटीत १९७०च्या दशकात आलेला ईसी-१०३० हा सोव्हिएत संगणकही त्याच आज्ञासंचावर बेतलेला होता. या यंत्रात सोळा रजिस्टर असतात. रजिस्टर म्हणजे हातातले सूप आणि स्मृती म्हणजे कणगी, असे समजा. सुपातले धान्य लगेच पाखडता येते. कणगीतले आणायला फेरी मारावी लागते. चांगला प्रोग्रामर फेऱ्या वाचवतो.

अगदी साधे काम घेऊ. एका रजिस्टरमध्ये शून्य ठेवायचे आहे. पहिला मार्ग ‘लोड’ या आज्ञेचा. आज्ञा चार बाइटांची, स्मृतीत ठेवलेले शून्य आणखी चार बाइटांचे आणि ते आणायची फेरी वेगळी. दुसरा मार्ग ‘लोड ॲड्रेस’. हीदेखील चार बाइटांची, पण ० ते ४०९५ पर्यंतचा आकडा आज्ञेच्या पोटातच मावतो, त्यामुळे फेरी वाचते. तिसरा मार्ग रजिस्टरमधून तेच रजिस्टर वजा करण्याचा. ही आज्ञा फक्त दोन बाइटांची.

मग तिसरा मार्ग नेहमीच चांगला? नाही. वजाबाकी झाली की उत्तर शून्य आले, ऋण आले की धन आले, याची खूण यंत्र एका ठिकाणी नोंदवते. त्याआधी केलेल्या तुलनेची खूण तिथे अजून वाचायची राहिली असेल, तर ती पुसली जाते. अशा वेळी चार बाइटांची ‘लोड ॲड्रेस’च योग्य, कारण ती त्या खुणेला हात लावत नाही. आज्ञा एकटी बघून निवडता येत नाही. तिच्या आधी काय घडले आणि नंतर कोण काय वाचणार आहे, तेही बघावे लागते.

आमच्या व्यवसायात यावर एक प्रसिद्ध किस्सा आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर ‘आयईएफबीआर १४’ नावाचा प्रोग्राम असतो. त्याने काहीच करायचे नसते. ज्याने बोलावले त्याच्याकडे परत जायचे, एवढेच. त्यासाठी दोन बाइटांची एकच आज्ञा पुरेशी वाटली. पण काम नीट झाले की नाही याचा निरोप पंधराव्या रजिस्टरमधून द्यायचा, असा तिथला रिवाज आहे आणि नीट झाले याची खूण म्हणजे शून्य. ते शून्य कोणी ठेवलेच नव्हते. म्हणून पंधराव्यातून पंधरावे वजा करणारी आज्ञा नंतर घालावी लागली. काहीही न करणारा प्रोग्राम दोनाचा चार बाइटांचा झाला.

दोन बाइटांची काटकसर आकड्यांतही झाली. तारीख साठवताना वर्षाचे पहिले दोन अंक गाळत. त्या काळच्या ‘२३११’ डिस्कच्या एका संचात सुमारे साडेबहात्तर लाख बाइट मावत. दहा लाख विमा पॉलिसींवर प्रत्येकी एक तारीख धरली, तर दोन अंक गाळल्याने वीस लाख बाइट वाचतात, म्हणजे संचाच्या पाव भागाहून जास्त. त्या लोकांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण हा हिशोब त्यांच्यासमोर होता.

दुसरी काटकसर रजिस्टरमधली. रजिस्टर ३२ बिटांचे आणि पत्ता २४ बिटांचा. उरलेल्या आठ बिटांत लोक आपापल्या खुणा ठेवत. पत्ता वापरण्याआधी खुणा पुसायला ‘लोड ॲड्रेस’ उपयोगी पडे. १९८३ च्या सुमारास ३१ बिटांचे पत्ते वापरात आले, तेव्हा तीच आज्ञा फक्त वरचा एक बिट पुसू लागली. खुणा आता पत्त्याचाच भाग ठरल्या आणि असे प्रोग्राम कोसळू लागले. आज्ञेचे नाव तेच, ओळ तीच, पण यंत्र बदलले होते.

गाळलेल्या अंकांची फेड २००० साल जवळ आल्यावर करावी लागली. त्या कामातला मोठा भाग भारतात आला आणि पुण्यातही आला. तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत होतो. परदेशातल्या बँका आणि विमा कंपन्यांचे, आमच्या जन्माच्या आसपास लिहिलेले प्रोग्राम आम्ही ओळ न् ओळ वाचले. तारखेला तारीख असे नाव दिलेले असेलच याची खात्री नसे. कुठे वजाबाकी दिसली, की ती पैशांची आहे की वर्षांची, हे मागची दहा पाने वाचून ठरवावे लागे. २००० मधून १९६५ वजा केले तर ३५; पण ०० मधून ६५ वजा केले की उणे ६५. त्यावर कोणाचे तरी पेन्शन ठरणार असते.

उपाय दोन होते. एक, वर्ष चार अंकी करून सगळ्या नोंदी वाढवणे. दुसरा, ठरावीक आकड्याच्या खालचे वर्ष २००० नंतरचे मानणे. दुसरा स्वस्त आणि झटपट, म्हणून पुष्कळ ठिकाणी तोच निवडला गेला. म्हणजे एक काटकसर निस्तरताना दुसरी जन्माला आली, आणि त्या ठरावीक आकड्याचीही मुदत असते.

त्या काळी या कामाला ‘कॉम्प्युटरची हमाली’ म्हणत, आणि १ जानेवारी २००० उजाडल्यावर विशेष काही बिघडले नाही, तेव्हा ‘सगळा बागुलबुवाच होता’ असेही ऐकायला मिळाले. मला ते तेव्हाही पटले नव्हते. फुटलेला बांध सगळ्यांना दिसतो. वेळेवर लिंपलेला दिसत नाही. भातखाचरे सांभाळणाऱ्या आपल्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

पुढे काटकसरीची व्याख्याही बदलली. पूर्वी प्रत्येक आज्ञेला किती मायक्रोसेकंद लागतात याची कोष्टके छापलेली असत. चालता चालता आपलीच पुढची आज्ञा बदलणारा प्रोग्राम हुशारीचा मानला जाई, कारण त्यात जागा वाचे. आजच्या यंत्रात पुढच्या आज्ञा आधीच उचलून तयार ठेवलेल्या असतात. मध्येच त्यांच्यात बदल केला, की ती तयारी फुकट जाते आणि वेळ जातो. म्हणजे १९६५ची हुशारी आता खोळंबा ठरते. आज्ञा स्वस्त की महाग, हे यंत्र आणि काळ ठरवतात. ‘हे असे का केले’ हे शेजारी एका ओळीत लिहून ठेवण्याची किंमत मात्र कधीच बदलली नाही. ती ओळ ज्यांनी लिहिली, त्या अनोळखी माणसांचे आभार मी पुण्यात बसून कितीदा मानले असतील.

आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांची मुले आता याच क्षेत्रात शिरत आहेत. त्यांना नव्या भाषा येतात, यंत्रे अफाट आहेत, दोन बाइटांची चिंता कोणी करत नाही. तरी त्यांच्यापैकी कोणी एखादा जुना प्रोग्राम घेऊन आला, तर माझ्याकडे पाठवा. दारात चहा घेत बसू आणि पहिली ओळ वाचायला घेऊ.