लक्ष्मीबाई टिळकांचा विसावा

आपले कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. आषाढीसाठी येथून तिची पालखी पंढरपूरला जाते आणि आपण बायका वेशीपर्यंत पोहोचवायला जातो. त्याच पंढरपुरात एक सुवासीण नवरा असून एकटी दिवस काढीत होती. तिची हकिगत मी आज सांगणार आहे. मी सातवी शिकलेली, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

त्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळे फार कडक. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळा कधी पाहिली नाही, अक्षरओळख पतीकडून झाली. पती नारायण वामन टिळक मोठे कवी. पण न सांगता घर सोडून जायचे, हाती आलेले वाटून टाकायचे. मोठ्या माणसांच्या बायकांना काय सोसावे लागते ते त्यांनाच ठाऊक! आधीची मुले गेलेली, आणि त्यात १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

बाईंवर आभाळ कोसळले. पदरात लहानगा दत्तू, राहणे बहिणीच्या आश्रयाला, जिवाला थारा नाही. पंढरपूरला असताना त्या मनातले दुःख कवितेत मांडू लागल्या. अंगात बळ नाही आणि मनही बसलेले, असे ते दिवस.

हे मला फार जवळचे वाटले. सासूबाईंच्या दोन वर्षांच्या आजारपणानंतर माझेही तसेच झाले होते. सकाळी उठले की आदल्या दिवसाचाच शीण अंगावर. चूल पेटवायचीही इच्छा होईना. डॉक्टरांच्या औषधाने झोप लागू लागली, पण मन लागेना. तेव्हा मंडळाच्या कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ आणले. आमच्या चुलतसासूबाई म्हणाल्या, “त्या बाटलेल्या बाईचं काय वाचून राह्यली वं?”

मी वाचतच राहिले. टिळकांनी धर्म बदलला, पण बायको सोडली नाही. ते पत्रे लिहीत राहिले. चारपाच वर्षांनी बाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या, तरी सोवळे-ओवळे सांभाळूनच. मग एकदा त्यांच्या मनात आले की, ही जात देवाने केली की माणसाने? त्या एका विचाराने लहानपणापासूनचे ओझे खाली उतरले. कोणाच्याही हातचे खायला त्यांनी मन तयार केले. १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. मला वाटते, नुसत्या उपदेशाने हे झाले नसते. येशूने आपल्याला जवळ केले, ही खूण त्यांना मनात पटली, तेव्हाच विसावा मिळाला.

यापुढे सगळे सुखाचे झाले असे मात्र नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे बाईंनीच लिहिले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने निघाले आणि २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या वारल्या. एवढे सोसूनही पुस्तकात पानोपानी हसू येते, आणि ते हसू खोटे नाही.

मी माझी रुक्मिणी सोडली नाही, कोणी तसे सांगितलेही नाही. दुपारी भांडी आवरली की चार पाने वाचीत असे. एके दिवशी कामात वाचायचे राहिले. चुलतसासूबाई सुपारी कातरीत ओसरीवर बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनीच हाक मारली, “अवं, मंग तो नवरा आला का तिले न्याले?”